समाचाराचे पैसे

आजाऱ्याच्या समाचारास रिकाम्या हाताने जाऊ नये, ही चाल जशी आपल्याकडे आहे तशी ती जपानातही आहे. आपण फळे नेतो, शहाळी नेतो. तिकडे पाकिटात घालून थोडीशी रक्कम देण्याची रीत आहे. या रकमेस ‘मिमाईकिन’ असे म्हणतात. ‘मिमाई’ म्हणजे आजाऱ्याची अथवा संकटात सापडलेल्याची विचारपूस, आणि ‘किन’ म्हणजे पैसा. समाचाराचे पैसे, असे आपण त्याचे मराठी करू. हा पैसा देणाऱ्याच्या चांगुलपणाचा. त्यामागे ना ऋण, ना अपराध, ना घेणाऱ्याचा हक्क. श्रोतेहो, दक्षिण जपानातील मिनामाता या गावी ३० डिसेंबर १९५९ रोजी एका रसायन कंपनीने काही मच्छीमार कुटुंबांशी जो करारनामा केला, त्यात हा घरगुती, गोड शब्द योजला होता. तो योजण्याचे कारण एवढेच की, ‘नुकसानभरपाई’ हा शब्द कोठेही येऊ द्यावयाचा नव्हता. विषारी रसायनांनी झालेल्या इजेबद्दल दाद मागण्याच्या जगातील इतिहासात या करारनाम्याएवढा बोलका कागद क्वचितच सापडेल.

मिनामाता हे क्युशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, कुमामोतो प्रांताच्या दक्षिण टोकाचे गाव. समोर शिरानुई समुद्र आहे. त्याला समुद्र म्हणावयाचे एवढेच. बेटांनी वेढलेले ते एक शांत, उथळसे पाणी आहे, आणि म्हणूनच ते मासळीचे माहेरघर होते. १९०८ साली नोगुची शितागाऊ नावाच्या अभियंत्याने या गावी कार्बाइडचा कारखाना काढला. कार्बाइडपासून खते, खतांपासून इतर रसायने असे करीत हा कारखाना वाढला, आणि त्याची मालक असलेली कंपनी देशातील अग्रगण्य कंपन्यांत गणली जाऊ लागली. तिला आपण तिच्या पुढच्या काळातील ‘चिस्सो’ या नावानेच ओळखू. चिस्सो म्हणजे नत्रवायू. १९३२ पासून येथे ॲसेटाल्डिहाइड तयार होऊ लागले. कार्बाइडपासून निघणारा ॲसिटिलीन वायू पाऱ्याचे क्षार घातलेल्या सौम्य गंधकाम्लातून सोडला की हा पदार्थ मिळतो. पारा तेथे केवळ क्रिया घडवून आणण्यापुरता असतो. परंतु त्याचा अल्पसा अंश त्या क्रियेतच पालटून मिथिल पारा नावाचे सेंद्रिय विष बनतो. कारखान्याचे सांडपाणी उपसागरात जाई, आणि त्याबरोबर हे विषही.

गाव कारखान्यावर जगत होते, हे येथे विसरता कामा नये. नोकऱ्या त्याच्या, बाजारातील उलाढाल त्याच्यामुळे, नगरपालिकेच्या करांत मोठा वाटा त्याचा. १९५० साली निवडून आलेला महापौर तर याच कारखान्याचा एके काळचा प्रमुख होता. ॲसेटाल्डिहाइडची ती कृती बसवून देण्यात त्याचाच हात होता. गावात कारखान्याविरुद्ध बोलणे म्हणजे स्वतःच्या घरच्या कर्त्या पुरुषाविरुद्ध बोलण्यासारखे मानले जाई. मच्छीमार वस्त्या गावाच्या कडेला, आणि मानानेही कडेलाच.

या मच्छीमारांनी कागदावर सही करण्याची १९५९ ची वेळ पहिली नव्हती. सांडपाण्याने मासळी नासते अशी त्यांची तक्रार फार जुनी होती. १९२६ साली कंपनीने त्यांच्या सहकारी संघास पंधराशे येन दिले, आणि यापुढे कधीही तक्रार करणार नाही अशी अट मान्य करवून घेतली. १९४३ साली पुन्हा रक्कम दिली, या वेळी १,५२,५०० येन. आणि पुन्हा मागचे-पुढचे सारे हक्क सोडून दिल्याचे लिहून घेतले. आपल्या जुन्या दप्तरांत अशा कागदास फारखत म्हणत असत. फारखत द्यावयाची ती झालेल्या व्यवहाराची. जे अजून घडलेलेच नाही त्याचीही फारखत आधीच लिहून घेण्याची युक्ती चिस्सोला अशा रीतीने १९५९ पूर्वीच साधली होती.

मग माणसे आजारी पडू लागली. एप्रिल १९५६ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयात एका पाच वर्षांच्या मुलीस आणण्यात आले. तिला चालता येईना, बोलता येईना, अंगास झटके येत. दोनच दिवसांनी तिच्या धाकट्या बहिणीची तीच गत झाली. शेजारीपाजारी विचारपूस करता आणखी रोगी निघाले. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य कचेरीस कळविले की, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग या भागात उद्भवला आहे. त्या वस्त्यांतील मांजरे त्यापूर्वीच वेड्यासारखी गिरक्या घेत मरू लागली होती. लोक त्यास मांजरांचा नाच म्हणत. प्रारंभी हा रोग संसर्गजन्य समजला गेला. रोग्यांच्या घरांवर जंतुनाशकाचे फवारे मारले, दुकानदार त्यांच्या हातचे नाणे घेईनात, आणि ज्यांच्या घरी दुखणे होते ते लपवून ठेवू लागले.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सांगितले की, हा संसर्ग नव्हे, मासळीवाटे पोटात गेलेल्या कोणत्या तरी जड धातूचे हे विष असावे. आता मासेमारी बंद करावी काय? जिथे मासळी हेच रोजचे अन्न आणि तीच कमाई, तिथे हा प्रश्न किती अवघड, हे गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांस सांगावयास नको. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी १९५७ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली बंदी घालावी काय म्हणून मध्यवर्ती आरोग्य खात्यास विचारले. खात्याचे उत्तर असे आले की, उपसागरातील सर्वच मासे विषारी झाले आहेत याला स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लागू करता येत नाही. सरकारी कागदाचे तर्कशास्त्र कधी कधी इतके शुद्ध असते की त्यातून माणूस पार वगळला जातो. मासे विकले जात राहिले, खाल्ले जात राहिले. कंपनीने सप्टेंबर १९५८ मध्ये सांडपाण्याचा मार्ग बदलून ते नदीच्या मुखाकडे सोडले. पुढल्या वर्षी उत्तरेकडील गावांतही रोगी दिसू लागले.

१९५९ च्या जुलैत विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याचे नाव घेतले. कंपनीने ते साफ नाकारले. नेमक्या याच वेळी डॉक्टर होसोकावा रुग्णालयात एक प्रयोग करीत होते. मांजरांना निरनिराळे पदार्थ खाऊ घालून ते परिणाम पाहत. त्यांपैकी चारशे क्रमांकाच्या मांजरास ॲसेटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नावर घालून रोज देण्यात येई. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्या मांजरास झटके आले. ते तोल जाऊन गिरक्या घेऊ लागले. डॉक्टरांनी हे वरिष्ठांच्या कानावर घातले. त्यांना प्रयोग थांबविण्यास सांगण्यात आले, आणि निष्कर्ष कारखान्याच्या भिंतींबाहेर गेला नाही.

वाचकांनी ही तारीख ध्यानात ठेवावी: १९५९ चा ऑक्टोबर. करारनाम्यावर सह्या झाल्या त्या डिसेंबरच्या ३० तारखेस.

मधल्या बारा आठवड्यांत पुष्कळ घडले. नोव्हेंबरच्या २ तारखेस संतापलेल्या मच्छीमारांनी कारखान्यात घुसून मोडतोड केली. १२ तारखेस आरोग्य खात्याच्या सल्लागार मंडळाने रोगाचे मुख्य कारण सेंद्रिय पाऱ्याचे संयुग आहे असा अभिप्राय दिला; तो पारा आला कोठून याविषयी मात्र मौन धरले. डिसेंबरात कंपनीने सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवून मोठा समारंभ केला, आणि त्या समारंभात कंपनीचे अध्यक्ष योशिओका किइची यांनी त्या यंत्रातले म्हणून पेलाभर पाणी सर्वांदेखत पिऊन दाखविले. ते यंत्र विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी बांधलेलेच नव्हते. गावाने सुटकेचा निःश्वास टाकला.

रोग्यांच्या कुटुंबांनी नोव्हेंबरअखेरपासून कारखान्याच्या दारात ठाण मांडले होते. त्यांची मागणी ७८ रोग्यांसाठी प्रत्येकी ३० लाख येन, एकूण २३ कोटी ४० लाख येन अशी होती. दिवस थंडीचे होते. जपानात नवे वर्ष हा वर्षातला सर्वांत मोठा सण. त्यापूर्वी घरोघर देणी चुकती करावयाची असतात. यांच्या घरी जाळी वाळत पडली होती, मासळीला गिऱ्हाईक नव्हते, आणि अंथरुणावर माणसे तडफडत होती. गावातील इतरांचे म्हणणे, कारखान्यास त्रास देऊ नका. मध्यस्थी करणाऱ्यांत प्रांताचे गव्हर्नर आणि गावचे महापौर होते. त्यांचेही सांगणे हेच की, मिळते ते पदरात पाडून घ्या.

जे मिळाले ते असे. मृतासाठी तीन लाख येन आणि अंत्यविधीसाठी वीस हजार. जिवंत प्रौढ रोग्यास वर्षाला एक लाख येन. मुलास वर्षाला तीस हजार. त्या वेळच्या दराने तीन लाख येन म्हणजे आपले सुमारे चार हजार रुपये, आणि मुलाचे वर्षाचे तीस हजार येन म्हणजे चारशे रुपयेही पुरते नव्हेत. परंतु रकमेपेक्षा कलमे महत्त्वाची. एका कलमात म्हटले होते की, रोग कारखान्यामुळे झाला नाही असे पुढे ठरल्यास हे पैसे त्या महिन्यापासून बंद होतील. त्याच्या पाठोपाठचे कलम असे की, रोग कारखान्याच्या सांडपाण्यामुळेच झाला असे पुढे सिद्ध झाले, तरी रोगी नवी मागणी म्हणून करणार नाहीत. तराजूचे एक पारडे उचलेल, दुसरे कधी हलणार नाही, अशी ही योजना होती. शिवाय हे पैसे कोणास द्यावयाचे, म्हणजे खरा रोगी कोण, हे ठरविण्यास एक समिती नेमली गेली. या समितीच्या कल्पनेने पुढे काय केले ते शेवटी येईल.

सह्या झाल्या, आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी धरले. ॲसेटाल्डिहाइडचे उत्पादन आणखी आठ वर्षांहून अधिक काळ, मे १९६८ पर्यंत, चालूच राहिले. या काळात आईच्या पोटातच विष बाधलेली मुले जन्मास आली. वार आईच्या रक्तातील विष गर्भापर्यंत जाऊ देत नाही, असा वैद्यकाचा समज होता; १९६२ साली सोळा मुलांना रोगी म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा तो समज निदान मिनामातात तरी संपला. या मुलांच्या आया बाहेरून निरोगी दिसत. गावात म्हणत, लेकराने आईचे विष ओढून घेतले.

कदाचित हे सारे तसेच विरून गेले असते. परंतु १९६५ साली दूर उत्तरेकडे, नीगाता प्रांतात, आगानो नदीच्या काठी हाच रोग उद्भवला. तेथे शोवा देन्को या कंपनीचा तसाच कारखाना होता. नीगाताच्या रोग्यांनी कोणताही कागद लिहून दिलेला नव्हता. त्यांनी जून १९६७ मध्ये सरळ न्यायालयाची पायरी चढली, आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत ते मिनामाताच्या लोकांस भेटावयास आले. स्वतःच्या दुखण्याची लाज बाळगून नऊ वर्षे गप्प बसलेल्यांना ही भेट फार मोठी वाटली. त्याच वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, कारखान्यातील एका कामगार संघाने जाहीर ठराव करून म्हटले की, रोग्यांसाठी आपण आजवर काहीच केले नाही याची आपल्याला शरम वाटते. नंतर २६ सप्टेंबरला सरकारने प्रथमच अधिकृतपणे सांगितले की, रोगाचे कारण चिस्सोचे सांडपाणी हेच होय. बारा वर्षांनी. ते सांगितले तेव्हा तशा रीतीने ॲसेटाल्डिहाइड करणे देशात कोणालाच फायद्याचे राहिले नव्हते, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

आता नव्याने मागणी आली. सरकारने मध्यस्थ मंडळ नेमण्याची तयारी दाखविली. परंतु मंडळ देईल तो निर्णय, काहीही असो, आम्हांस मान्य राहील, असे आधी लिहून द्या असा आग्रह धरला. पुन्हा कागद, आणि पुन्हा आधी सही! रोग्यांच्या संघात येथे फूट पडली. बहुसंख्यांनी सही केली. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ज्यांच्या घरात रोज औषधपाण्याचा खर्च आहे त्यांनी अनिश्चित निकालाची किती वर्षे वाट पाहावी, हे परक्याने सांगू नये. उरलेल्या २८ कुटुंबांनी मात्र १४ जून १९६९ रोजी कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयात दावा गुदरला.

या दाव्यात दोन कठीण गाठी होत्या. पहिली गाठ निष्काळजीपणाची. दिवाणी कायद्याप्रमाणे प्रतिवादीची चूक सिद्ध करावयास हवी, आणि जे आगाऊ कल्पनेतच येऊ शकत नव्हते त्याबद्दल चूक कशी धरावयाची? चिस्सोचा बचाव हाच होता की, त्या क्रियेत मिथिल पारा बनतो हे त्या काळी जगात कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरी गाठ अर्थातच १९५९ च्या करारनाम्याची. तुम्ही सही केली आहे. मग आता काय मागता?

वादींच्या बाजूने काही प्राध्यापक, डॉक्टर, वकील आणि साध्या नागरिकांनी एक अभ्यासमंडळ काढले. कारखान्याच्या कामगारांपैकीही काही जण माहिती पुरवू लागले. त्यांनी पहिल्या गाठीस उत्तर शोधले ते असे: नेमके कोणते विष निघेल हे ठाऊक असण्याची जरूर नाही. जो कारखाना घातक द्रव्ये वापरून, काय आहे हे न तपासता पाणी सोडतो, त्याने ते निर्धोक आहे याची खात्री आधी स्वतः करून घेतली पाहिजे.

आणि मग चारशे क्रमांकाचे मांजर न्यायालयात आले. डॉक्टर होसोकावा १९६२ साली नोकरी सोडून गावी परतले होते. १९७० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने ते टोकियोच्या रुग्णालयात पडून होते. जुलैच्या ४ तारखेस न्यायाधीश आणि वकील त्यांच्या खाटेपाशी गेले, आणि तेथे त्यांनी त्या प्रयोगाची हकीकत सांगितली. वरिष्ठांना ती माहीत होती हेही सांगितले. त्यानंतर सव्वातीन महिन्यांनी, १३ ऑक्टोबर रोजी, ते वारले. त्यांना कोणी थोर म्हणतात, कोणी विचारतात की अकरा वर्षे हे गृहस्थ गप्प का राहिले. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रोग प्रथम कळविला तो त्यांनीच, आणि त्याचे कारण हाती आल्यावर मालकाचे मीठ त्यांना आडवे आले. पण ती साक्ष झाली नसती, तर डिसेंबरातील सह्या घेताना टेबलाच्या एका बाजूस काय ठाऊक होते, हे रोग्यांच्या वकिलांना कशाच्या आधारे मांडता आले असते?

२० मार्च १९७३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, रसायनांच्या कारखान्याने आपले पाणी सतत तपासले पाहिजे, आणि धोक्याची शंका आली तर काम थांबविण्यापर्यंत जाऊन शेजाऱ्यांच्या जिवाचे रक्षण केले पाहिजे. कंपनीचा बचाव मान्य केला तर माणसे मेल्यावाचून धोका कळणारच नाही, म्हणजे वस्तीतील लोकांवर प्रयोग करण्याची मुभा दिल्यासारखे होईल. करारनाम्याविषयी निर्णय असा की, रोग्यांचे अज्ञान आणि दारिद्र्य यांचा फायदा घेऊन, अत्यल्प पैशांच्या बदल्यात त्यांचे हक्क सोडवून घेणारा हा कागद लोकनीतीस सोडून आहे, सबब तो मुळापासून रद्द. मृतांसाठी प्रत्येकी एक कोटी ऐंशी लाख येन, आणि जिवंत रोग्यांस एक कोटी साठ ते एक कोटी ऐंशी लाख. एकूण ९३ कोटी येनांहून अधिक; जपानी न्यायालयाने तोवर एवढी भरपाई कधी दिली नव्हती. जुलैत कंपनीने इतर मान्यताप्राप्त रोग्यांनाही तेवढीच रक्कम देण्याचे कबूल केले.

मध्य प्रदेशातील वाचकांस येथे भोपाळ आठवल्यावाचून राहणार नाही. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर १९८५ च्या कायद्याने दावा चालविण्याचा सर्व अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. मिनामातात दबलेल्या लोकांच्या सह्या तरी घेतल्या होत्या. भोपाळात पीडितांच्या सहीची गरजच पडली नाही, ती त्यांच्या वतीने झाली. त्या तडजोडीने फौजदारी खटलेही पुसले गेले होते. ते १९९१ साली पुन्हा उभे राहिले, रक्कम मात्र कायम झाली, आणि ती वाढवावी हा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला. मिनामाताच्या न्यायाधीशांनी जे कागदास विचारले, ते भोपाळच्या कागदास कोणी इतक्या स्पष्टपणे विचारले नाही.

परंतु मिनामाताची गोष्टही १९७३ साली संपली नाही. भरपाई ‘मान्यताप्राप्त’ रोग्यास मिळणार, आणि मान्यता देणारी समिती ही त्या करारनाम्याचेच अपत्य. रक्कम मोठी झाली तसे समितीचे दार अरुंद झाले. १९७७ साली अनेक लक्षणे एकत्र असली तरच मान्यता, असा दंडक आला. मिनामाताच्या बाजूस मान्यता मिळाली ती सुमारे तेवीसशे जणांस. अर्ज नाकारलेल्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. १९९५ साली अशांपैकी हजारोंना प्रत्येकी २६ लाख येन देऊ करण्यात आले. अट अशी की, चालू दावे आणि मान्यतेचे अर्ज मागे घ्यावेत. वयस्क झालेल्या बहुतेकांनी ते घेतले. ओसाकाकडे स्थलांतर केलेल्या काहींनी नाकारले, आणि २००४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दाव्यात सरकार व प्रांत हेही जबाबदार असल्याचे ठरविले. १९५९ अखेर कायदा वापरून ते पाणी बंद करणे त्यांना शक्य होते, असे कारण दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका येथील न्यायालयाने १२८ जणांना रोगी मानून भरपाई दिली. मार्च २०२४ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने १४४ जणांचे दावे फेटाळले. त्यांतील २५ जणांना रोग आहे हे त्याने मान्य केले, पण वीस वर्षांची मुदत उलटून गेली असे म्हटले.

दर वर्षी १ मे रोजी, म्हणजे होसोकावांनी रोग कळविला त्या तारखेस, मिनामातात मृतांचे स्मरण होते. २०२४ च्या त्या दिवशी समारंभानंतर पर्यावरणमंत्री रोग्यांच्या संघांना भेटले. प्रत्येकास बोलण्यासाठी तीन मिनिटे ठरविली होती. एका वृद्धाचे सांगणे लांबले, तेव्हा खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याचा ध्वनिक्षेपक बंद केला. आठ दिवसांनी मंत्री पुन्हा मिनामातास गेले आणि त्यांनी क्षमा मागितली.